लोहाराच्या घरात चवरी कुठली?

गाण्यातला शब्द : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं बरीच आली. सगळ्यांना इथं जागा देता येत नाही, म्हणून सहा निवडली. सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडं माझ्याविषयी सांगते. कोल्हापुरातल्या एका छापखान्यात मी एकतीस वर्षं प्रुफं तपासली. लग्नपत्रिका, कारखान्यांचे अहवाल, आरत्यांची पुस्तकं आणि जत्रेत चटईवर मांडून विकतात ती गाण्यांची पातळ पुस्तकं. गाण्याच्या पुस्तकात एक काना चुकला तरी चुकलेलाच शब्द गावोगाव गायला जातो. म्हणून शब्दाला जपायची सवय लागली ती आजतागायत आहे. कुणी गाण्याचा अर्थ विचारला की मी आधी एवढंच बघते, गाणारं माणूस कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे.

प्रश्न : आमच्या स्नेहसंमेलनात सातवीच्या मुली 'ऐरणीच्या देवा' हे गाणं बसवत आहेत. त्यात लक्षुमीच्या हातातली चवरी येते. चवरी म्हणजे देवाला वारा घालायचा केसांचा झुबका, असं मी सांगितलं. त्यावर एक मुलगी म्हणाली, "पण बाई, लोहाराच्या घरात चवरी कुठली?" मला उत्तर देता आलं नाही. आणि ऐरणीचा देव म्हणजे नक्की कुठला देव? (एक शिक्षिका, इचलकरंजी)

उत्तर : बाई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. सगळं गाणं तिच्या प्रश्नात आहे.

माझं आजोळ पन्हाळ्याच्या पायथ्याला. मामाची लोहाराची भट्टी होती. नांगराचे फाळ, खुरपी, विळे, बैलगाडीच्या चाकांच्या धावा अशी कामं यायची, आणि ऊसतोडीच्या आधी कोयत्यांना पाणी द्यायला माणसांची रांग लागायची. मामा ऐरणीवर असायचा आणि मामी भात्यावर. भाता कातड्याचा. त्याच्या वर आडवी दांडी, दांडीला साखळी आणि साखळीच्या टोकाला धरायला लाकडाची मूठ. मामीच्या हाताखाली ती मूठ काळी कुळकुळीत झालेली होती. पदर खोचून मामी उभी राहायची. तिचा हात खाली आला की वारा आगटीत शिरायचा आणि तांबडा कोळसा पिवळा व्हायचा. हात वर गेला की भाता पुन्हा श्वास भरून घ्यायचा. वर, खाली, वर, खाली, दुपार कलेपर्यंत. सुट्टीत मीही ती मूठ धरायची, पण शंभर मोजायच्या आत खांदा भरून यायचा.

आता देवापुढं चवरी ढाळणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचा हात काय करतो? वर आणि खाली. गाण्यातल्या ओळीतही ही चवरी 'वरखाली' व्हावी, असंच म्हटलंय. घरची लक्ष्मी म्हणजे लोहाराची बायको, आणि तिच्या हातातली भात्याची मूठ हीच तिची चवरी. लगेच पुढं भात्याच्या सुरात सूर मिसळून गायची गोष्ट येते, त्यामुळं ती भात्यापाशीच उभी आहे याबद्दल शंका राहत नाही.

मग बाकीची पूजाही उलगडते. देवाला आपण फुलं वाहतो, ही ठिणग्या वाहते. नैवेद्याच्या जागी लोखंडाचे चणे. लोखंडाचे चणे खाणं म्हणजे हालअपेष्टा सोसणं हा वाक्प्रचार आपल्या ओळखीचा आहे, पण लोहाराच्या घरात तो शब्दशः डोळ्यांसमोर पडलेला असतो. तिच्या पूजेत भट्टीबाहेरची एकही वस्तू नाही. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, लोहाराच्या घरात चवरी नव्हतीच, म्हणून त्या बाईनं भात्याची चवरी केली.

देवाचं म्हणाल तर कुणी विश्वकर्मा सांगतात, कुणी कालिकादेवी. माझ्या मतानं तो देव खुद्द ऐरणच आहे. शेवटच्या कडव्यात ती काय मागते ते बघा. घावावर घाव बसणार आहेत, ते सोसायला आणि झुंजायला अंगात बळ दे, एवढंच. घाव सोसायचं काम जन्मभर कोण करतं? मामाच्या ऐरणीचा माथा घणाच्या घावांनी आरशासारखा झाला होता, पण ती एका अंगाला कलली नव्हती. खंडेनवमीला मामा तिला धुऊन हळदकुंकू लावायचा, झेंडूचा हार घालायचा, आणि त्या दिवशी भात्याला विश्रांती असायची. जे देवाच्या अंगी आहे तेच ही बाई देवाकडं मागते. मला मराठी गाण्यांतली ही फार मोठी प्रार्थना वाटते.

भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' या 1965 सालच्या चित्रपटातलं हे गाणं. शब्द जगदीश खेबुडकरांचे. आनंदघन या नावानं चाल लता मंगेशकरांनी दिली आणि गायलंही त्यांनीच. खेबुडकर आपल्या कोल्हापूरचे, पेशानं शिक्षक. भाता कसा ओढतात हे पाहिल्याशिवाय अशी ओळ सुचेल, असं मला वाटत नाही.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्या मुलींच्या कामाची आहे. छापखान्यात मी नवीन असताना हे गाणं एका पुस्तकात छापायला आलं. मी लाल शाई घेतली आणि 'लक्षुमी'चं लक्ष्मी केलं, 'लोकंडाचं'चं लोखंडाचे केलं, 'मातुर'चं मात्र केलं. शुद्धलेखनाचे पैकीच्या पैकी गुण मिळवलेली मुलगी होते मी. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे एक म्हातारे गृहस्थ प्रूफ घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "पोरी, ही गाणारी लोहारीण हाय. तिला शाळंत कशाला बसवलीस?" त्यांनी एकेक खिळा उचलून सगळे शब्द पुन्हा होते तसे लावले. बाई, मुलींना ते शब्द आहेत तसेच म्हणू द्या. आणि कागदाच्या चवऱ्या करून देऊ नका. एका मुलीला साखळीची मूठ धरून उभी करा. बघणाऱ्यांना अर्थ आपोआप कळेल.

प्रश्न : 'पिंजरा'तल्या लावणीत 'इश्काची इंगळी' डसते. इंगळी म्हणजे निखारा ना? मग निखारा डसेल कसा? (एक वाचक, मुरगूड)

उत्तर : निखारा म्हणजे इंगळ. इंगळी म्हणजे मोठा, जहाल विंचू, आणि विंचवाला डसता येतं. तुमचा गोंधळ साहजिक आहे, कारण इंगळी चावल्यावर निखारा ठेवल्यासारखीच आग होते. 1972 सालच्या या चित्रपटाची गाणीही खेबुडकरांचीच. एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड तुम्ही ऐकलं असेल. त्यातही इंगळी आहे. नाथांचा विंचू कामक्रोधाचा, त्याच्यावर उतारा सत्त्वगुणाचा. लावणीतली बाई त्याच विंचवाला इश्काचं नाव देते आणि उतारा साजणाकडं मागते. आपली लावणी आणि आपलं भारूड एकाच गावातली आहेत, आणि ही एक इंगळी दोघांच्याही घरात शिरली आहे.

प्रश्न : रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसणारे आम्ही पाच जण. 'बुगडी माझी सांडली गं' यावरून आमच्यात पैज लागली आहे. तिघांचं म्हणणं, गाण्यातला 'म्हातारा' म्हणजे तिचा म्हातारा नवरा. दोघांचं म्हणणं, तिचा बाप. पैज मिसळीची आहे, निकाल द्यावा. (रंकाळा कट्टा, कोल्हापूर)

उत्तर : दादा, आधी बुगडीचं बोलते, कारण तिच्यामुळं सगळं घडलंय. बुगडी कानाच्या पाळीत घालत नाहीत, ती वरच्या कडेला घालतात. गुजरीत एखाद्या जुन्या सराफाला जुन्या घडणीची बुगडी दाखवायला सांगा. मोत्यांचा नाहीतर सोन्याचा छोटा घोस आणि मागं मळसूत्राची दांडी. आता पोरी दाबाच्या बुगड्या घालतात, कान टोचावा लागत नाही. जुनी बुगडी मात्र फिरकीवर असायची. फिरकी सैल झाली आणि बैलगाडीच्या धक्क्यांत डोकं हललं की ती निसटायची आणि बाईला पत्ताही लागायचा नाही. कानाचा वरचा भाग, तिथं काही आहे की नाही हे हात लावल्याशिवाय कळत नाही. ही लावणी नाचणाऱ्या बाईचा हात कानाशी जातो तो उगाच नाही.

'सांडली' या शब्दावरही जरा थांबा. शहरातली मुलं सांडणं म्हणजे फक्त दूध सांडणं समजतात. आपल्याकडं दागिना सांडतो, पैसे सांडतात, म्हणजे नकळत पडून हरवतात. संतांच्या अभंगांत सांडणं म्हणजे टाकून देणं. या बाईची बुगडी नकळत पडली की तिनं कशाच्या तरी नादात पडू दिली, ते एकाच शब्दात झाकून ठेवलंय. लिहिणारे ग. दि. माडगूळकर आहेत, त्यांना शब्दाचे दोन्ही पदर ठाऊक असणारच.

आता म्हातारा. आपल्या भागात बाई नवऱ्याला काय म्हणते? मालक, कारभारी, धनी, नाहीतर नुसतं 'आमचं हे'. आणि बापाविषयी बोलताना 'आमचा म्हातारा' असं प्रेमानंही म्हणते आणि धाकानंही. पुढं शेजारी राहणारा तरुण टकमक बघतो, खुणेनं बोलावतो. हे सगळं माहेरच्या ओसरीवरचं वाटतं. हरवलेल्या सोन्याचा जाब पोरीला विचारणाराही बापच. म्हणून माझा कौल बापाकडं आहे.

पण दुसऱ्या तिघांना अगदीच हरवू नका. तरण्या पोरीला म्हातारा नवरा मिळाल्याचं दुःख लावणीत फार जुनं आहे. 1959 साली 'सांगत्ये ऐका' पाहायला बसलेल्या कितीतरी प्रेक्षकांनी म्हातारा नवराच ऐकला असेल, आणि शब्द त्यांना अडवत नाही. सातारा का, याचं उत्तर सोपं आहे. साताऱ्याला, म्हाताऱ्याला, इशाऱ्याला ही यमकं जुळतात. कोल्हापूरला म्हटलं असतं तर आपल्याला आनंद झाला असता, पण गाणं मोडलं असतं. मिसळ दोघांना मिळावी.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा नातू गणपतीच्या आरतीत 'फळीवर वंदना' म्हणतो आणि देव फळीवर ठेवलाय म्हणून बरोबर आहे असं सांगतो. त्याला काय सांगू? (एक आजी, उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : शब्द 'फणिवरबंधना' असा आहे. फणी म्हणजे फणा असलेला नाग, फणिवर म्हणजे नागांतला श्रेष्ठ, आणि तो नाग ज्याच्या पोटाला बांधलाय तो गणपती. काही पुस्तकांत 'फणिवरवंदना' छापलेलं असतं, मी मात्र बंधनाच ठेवत आले. येत्या गणपतीला नातवाला मूर्तीच्या अगदी जवळ न्या आणि पोटावरचा नाग शोधायला लावा. एकदा नाग सापडला की शब्द जन्मात चुकणार नाही.

प्रश्न : आमच्या कॉलनीत दरवर्षी हादगा असतो. यंदा काही जणींनी ठरवलंय की 'कारल्याचा वेल' आणि 'अक्कण माती' या गाण्यांतले सासुरवासाचे शब्द बदलून चांगले शब्द घालायचे. माझी आठ वर्षांची मुलगी विचारते, सासू तिला माहेरी का जाऊ देत नाही? मला तिला दुखवायचं नाही आणि खोटंही सांगायचं नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, शब्द बदलायचे नाहीत. मी काय करू? (एक सून, कळंबा)

उत्तर : बाळ, मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूनं आहे. का ते सांगते.

कारल्याच्या वेलाच्या गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला. आता त्याला फूल येऊ दे. फूल आलं. आता कारलं येऊ दे. मग भाजी कर. प्रत्येक वेळी 'मग जा आपुल्या माहेरा'. मी परसात कारली लावते. बी टोकल्यापासून हाताला कारलं लागायला दोन महिने सहज जातात. म्हणजे सासू एकदाही नाही म्हणत नाही, पण वेलाच्या गतीनं दोन महिने तिला थांबवून ठेवते. ज्या घरात सुनेच्या हातात दिनदर्शिका नव्हती, पैसा नव्हता, पत्र लिहिता येत नव्हतं, तिथं तिनं दिवस असेच मोजले. किती फुलं आली, किती कारली धरली. आणि एवढं थांबून मिळतं काय, तर कडू कारलं. हे कुणा एका कवीनं लिहिलेलं नाही. फेर धरणाऱ्या बायकांनीच रचलंय, त्यामुळं त्यात एकही शब्द अंदाजाचा नाही.

'अक्कण माती'चंही तसंच. माती, खळगा, जातं, सपीट, करंज्या, त्यांच्यावर शेला, आणि ते सगळं माहेरी धाडायचं. एका वस्तूतून दुसरी निघत जाते, इतकं गोड चाललेलं असताना शेवटी अचानक सासर द्वाड असल्याचं आणि कोंडून मारल्याचं येतं. लहानपणी मला ती ओळ म्हणताना हसू यायचं, कारण आम्ही सगळ्या ती ठसक्यात, जोरानं ओरडायचो. लग्न होऊन आलेली माझी एक आत्या मात्र त्या ओळीला गप्प व्हायची. आजी तिच्याकडं बघायची. मला तेव्हा काही कळलं नाही. पुढं कळलं की त्या एका ओळीला कोण गप्प होतं यावरून घरातल्या मोठ्या बायका पोरीचं सासर ओळखायच्या. ती ओळ काढून टाकली असती तर आजीला कळायला दुसरा मार्ग नव्हता.

म्हणून शब्द बदलू नका. हादग्याच्या फेरात सासूही आपणच होतो आणि सूनही आपणच. मुलीला सांग, पूर्वी पुष्कळ घरांत सुनेला मनात आलं म्हणून माहेरी जाता येत नसे, आणि तिला ते कुणाला सांगताही येत नसे, म्हणून तिनं गाण्यात सांगितलं. आठ वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं. आमच्याकडं शेवटी 'आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा' असं म्हणतात, म्हणजे ती जातेच. ते कडवं तिच्याकडून नक्की पाठ करून घे. हस्त लागला की सोळा दिवस आहेत, रोज एक गाणं वाढतं, भरपूर वेळ आहे. आणि एखाद्या दिवशी खिरापतीला कारल्याचे कुरकुरीत काप तळ. ओळखायला कुणालाच येणार नाही.

प्रश्न : मी बेंजो पार्टीत ढोल वाजवतो. 'झिंगाट' वाजवल्याशिवाय एकही वरात पुढं सरकत नाही. वडील म्हणतात, या गाण्याला अर्थ नाही, नुसता आवाज आहे. खरंच अर्थ नाही का? (एक तरुण, गडहिंग्लज)

उत्तर : आहे, आणि तुझ्या वडिलांना तो माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार.

2016 सालच्या 'सैराट'मधल्या या गाण्याचे शब्द, चाल आणि आवाज तिन्ही अजय-अतुल यांचे. त्यातला मुलगा सांगतो की अंगात वारं भरलंय, ही पिरतीची बाधा आहे. 'वारं' आणि 'बाधा' हे शब्द कुठले आहेत? प्रेमपत्रातले नाहीत. अंगात देव येतो त्या वेळचे आहेत. आपल्याकडं एखादीच्या अंगात आलं की 'तिला वारं भरलं' म्हणतात, आणि बाहेरचं काही लागलं की 'बाधा झाली' म्हणतात. पुढं तो अधीर झालाय आणि बधिरही झालाय. वारं भरलेल्या माणसाचं हेच होतं, आतून उसळी येते आणि बाहेरचं काही ऐकू येत नाही. त्याला पहिल्यांदाच प्रेम झालंय आणि त्याच्यापाशी त्यासाठी दुसरे शब्द नाहीत, म्हणून त्यानं जत्रेत ऐकलेले शब्द घेतले. मला ते फार खरं वाटतं.

बुंगाट, चिंगाट, झिंगाट हे आवाजाचे शब्द आहेत, वडिलांचं तेवढं बरोबर आहे. पण आवाजालाही अर्थ असतो. 'गाडी बुंगाट सोडली' म्हटल्यावर वेग किती ते कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'झिंग' म्हणजे नशा. तिला 'आट' लावलं की नशेलाही वेग येतो.

हे गाणं नाचणाऱ्याच्या हातात काय असतं ते तू ढोलामागून रोज बघतोस. काही नसतं. दोन्ही हात वर असतात. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या निघतात, गुलाल उधळतो, हलगी तापते, तेव्हा वारं भरलेल्यांचे हात असेच वर असतात. वडील कधी यात्रेला गेले असतील तर त्यांना तिथली हलगी कशी वाजते ते विचार. ते बोटांनी पाटावर ठेका धरून दाखवतील. तो ठेका तुझ्या ढोलावर घे, आणि पुढच्या वरातीत झिंगाटच्या आधी चार आवर्तनं तोच वाजव.